आचाची मराठी

"घालून पाह्य, मंग बोल."

असं म्हणत ती गिऱ्हाइकाच्या मागून यायची आणि त्याच्या दोन्ही खांद्यांवर स्वेटर टेकवायची. गिऱ्हाईक नको म्हणायला वळेपर्यंत त्याचा एक हात बाहीत गेलेला असायचा. मग ती दोन पावलं मागे सरकून, मान वाकडी करून त्याच्याकडे पाहायची. खरोखरच शोभत नसेल तर स्वतःच काढून घ्यायची. "हा तुह्यासाठी नाई. थांब." म्हणूनच लोक तिच्याकडे परत यायचे.

तुम्ही यवतमाळचे असाल तर दिवाळीनंतर लागणारा तिबेटी लोकांचा स्वेटरचा बाजार तुम्ही पाहिला असेलच. लाकडी बल्ल्या, निळ्या ताडपत्र्या, टांगलेली जाकिटं, आणि पाटावर रचलेल्या शालींचे ढीग. संक्रांत उलटून ऊन चटका द्यायला लागलं की एका दिवसात सगळं आवरलेलं असतं. माझं फॉल-पिकोचं दुकान त्या मैदानाच्या अगदी समोर आहे. डावीकडून तिसरं दुकान तिचं होतं.

पंधराएक वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा माझ्याकडे आली ती एका जाकिटाची बिघडलेली चेन घेऊन. हिंदीत म्हणाली, चेन बदलून द्या. मी हिंदीतच विचारलं, कधी पाहिजे. तिने जाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "दीदी, हिंदी मुझे आती है. मराठी में बोलो."

मला गंमत वाटली. मी जरा पुस्तकी मराठीत सांगितलं, "उद्या संध्याकाळी घेऊन जा." तिने ते तोंडातल्या तोंडात दोनदा घोळवलं. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा मान हलवत म्हणाली, "तुम्हारा वाला नहीं चलता. ग्राहक ऐसा नहीं बोलते. वो 'उद्या' के बाद 'घेऊन जाजो' बोलते है."

त्या दिवसापासून मी तिच्याशी घरच्यासारखी वऱ्हाडी बोलायला लागले. माझं माहेर बोरी अरबचं. लग्नानंतर यवतमाळात आल्यावर, दुकानात शिकलेल्या बायका येतात म्हणून मी माझं बोलणं जरा घासूनपुसून घेतलं होतं. ते या परक्या बाईने पुन्हा मोकळं केलं. मी तिला आचा म्हणायचे. त्यांच्यात मोठ्या बहिणीला आचा म्हणतात, असं तिनेच सांगितलं होतं. ती मला ताई म्हणायची. म्हणजे दोघी एकमेकींना मोठी बहीणच म्हणत होतो, आणि खरं वय दोघींनीही कधी सांगितलं नाही.

तिची सगळी मराठी गिऱ्हाइकांकडून आलेली. एका संक्रांतीला मी तिला हळदीकुंकवाला बोलावलं. ती तिच्या लांब पोषाखात, केस नीट बांधून आली. सगळ्या बायकांच्या मध्ये बसली, तिळगूळ खाल्ला, वाण घेतलं. निघताना दारात उभी राहून, हात जोडून, सगळ्यांकडे पाहत अदबीने म्हणाली, "बरं, समोर पाहून येतो."

बायका हसून हसून लोटपोट झाल्या. ती गोंधळून माझ्याकडे पाहायला लागली. तिच्या दुकानातून निघताना प्रत्येक जण तेच म्हणायचा, तेव्हा निरोप घ्यायची ही इथली रीत असणार, असं तिने धरून ठेवलं होतं. समोर, म्हणजे पुढची दुकानं पाहून येतो, हा न घेण्याचा बहाणा असतो, असं मी तिला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला. "म्हंजे थे लोक वापस येणारच नसतेत?" म्हणाली. "मी तं रोज वाट पाह्यत होती."

बाजारातले बाकीचे दुकानदार, सगळे तिच्याच तिबेटी वसाहतीतले, हिंदीवर भागवायचे. तिचा दीर तिला हसायचा. चार महिन्यांसाठी येतो आपण, भाषा शिकून काय करायचं, असं तो म्हणे. मी एकदा तिला तोच प्रश्न विचारला, "खरंच वो आचा, कायले एवढी मेहनत घेतं?"

ती लोकरीच्या टोप्या रचत होती. "चार महिने आपून जगतोच ना इथी?" ती म्हणाली. "मंग मुक्यावानी कायले जगाचं?"

महागावकडच्या तांड्यांवरून बंजारा बायका तिच्याकडे यायच्या. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना ती 'याडी' म्हणायची. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. एवढ्या एका शब्दावर त्या बायका तिथे बसून राहायच्या, तिच्या गळ्यातले पोवळ्याचे मणी हातात घेऊन पाहायच्या, आणि आपली चांदी तिला दाखवायच्या.

तिची हकिकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. ती कर्नाटकातल्या एका वसाहतीत जन्मली. तिबेट तिने कधी पाहिला नव्हता. "मी परदेशातच पैदा झाली," ती म्हणायची, जसं आपण सांगू की मी दारव्ह्याला जन्मले. तिचे वडील तरुणपणी डोंगर ओलांडून पायी आले होते. वर्ष-दोन वर्षांत परत जायचंच आहे, या हिशेबाने ते आले, आणि त्याच हिशेबाने म्हातारे झाले. त्यांनी ना कानडी शिकली, ना हिंदी. शेजारी शेतावर काम करणारे कानडी गडी त्यांना नमस्कार करायचे, ते मान हलवायचे आणि पुढे जायचे. त्यांचं म्हणणं एकच होतं. भाषा शिकलो म्हणजे इथे राहायला कबूल झालो.

आचा नऊ वर्षांची असताना तिची आई आजारी पडली. औषधाच्या दुकानात जाऊन बोलणारं घरात कुणी नव्हतं. मग ही पोरगी गड्यांच्या बायकांकडून चोरून कानडी शिकली आणि बाजारातून औषध घेऊन आली. वडिलांनी ते घेतलं, आईला दिलं, आणि आठ दिवस मुलीशी बोलले नाहीत.

"माराले पाह्यजे होतं त्यानं," ती मला म्हणाली. "मार लवकर इसरते माणूस."

पुढे एका हिवाळ्यात ती वडिलांनाच यवतमाळला घेऊन आली. घरी त्यांच्याजवळ राहायला कुणी नव्हतं. उंच, वाळलेले, डोक्यावर लोकरी टोपी, हातात जपाची माळ. दुकानाच्या मागच्या बाजूला स्टूल टाकून ते दिवसभर बसायचे. लोहारा भागातले एक निवृत्त मास्तर मफलर घ्यायला आले होते. ते बौद्ध. त्यांनी माळ पाहिली आणि म्हाताऱ्यासमोर हात जोडून "नमो बुद्धाय" म्हणाले. म्हाताऱ्याने पहिल्यांदाच मान वर करून कुणाकडे नीट पाहिलं. त्यानंतर मास्तर आठवड्यातून दोनदा यायचे, दुसरं स्टूल ओढून शेजारी बसायचे. दोघं एक शब्द बोलायचे नाहीत. तासाभराने मास्तर उठायचे, पुन्हा हात जोडायचे आणि जायचे.

जानेवारीत एक दिवस माल आणायला आचा आणि बाकीचे सगळे पहाटेच नागपूरला गेले. म्हाताऱ्याला दोन दिवसांपासून खोकला होता. "जरा ध्यान ठेव ताई," एवढं मला सांगून ती गेली. अकराच्या सुमारास मी चहा घेऊन गेले तर ते स्टुलावर वाकून बसलेले, अंग तापलेलं, श्वास घरघरत होता. मी दुकान तसंच टाकलं आणि त्यांना ऑटोत घालून जवळच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी हिंदीत विचारलं, मराठीत विचारलं, हातवारे करून विचारलं. कधीपासून, कुठे दुखतं, आधी कोणती औषधं चालू आहेत. म्हातारा नुसता पाहत राहिला. मी आचाला फोन लावत होते, लागत नव्हता. डॉक्टरांनी छाती तपासली, इंजेक्शन लिहून दिलं. नर्सने ते भरलं, तसा म्हाताऱ्याने हात मागे ओढला आणि एक शब्द म्हणाला. पुन्हा म्हणाला. पुन्हा पुन्हा तोच शब्द, आवाज चढवत.

"घाबरले आजोबा," नर्स म्हणाली. सगळेच म्हातारे सुईला घाबरतात. मीही तेच समजले. मी त्यांचा दंड घट्ट धरला आणि म्हटलं, "काई नाई होत आबा. मुंगी चावल्यावानी लागन."

तेवढ्यात फोन वाजला. आचा नागपूरच्या बाजारात होती. मी घाईघाईने सांगितलं आणि फोन म्हाताऱ्याच्या कानाशी धरला. ते चार वाक्यं बोलले असतील. मग फोनमधून तिचा आवाज मलाही ऐकू आला, अगदी स्वच्छ मराठीत. "इंजेक्शन नका देऊ. डॉक्टरले दे फोन. त्याले एक इंजेक्शन चालत नाई, सूज येते, श्वास अडकते. मागं एकदा मरता मरता वाचला."

डॉक्टरांनी फोन घेतला, एकेक गोष्ट विचारली, तिने एकेक सांगितली. औषध बदललं. नर्सने भरलेली सिरिंज बाजूला ठेवली. माझा हात अजून त्यांच्या दंडावर होता. तो काढून घेताना मला त्यांच्याकडे पाहवेना.

पाच दिवसांत ते बरे झाले. मला वाटलं होतं, आता तरी ती वडिलांना बोलेल. आयुष्यभराचं भांडण ती जिंकली होती. पण ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. त्यांना पातळ सूप करून द्यायची आणि गिऱ्हाईक करायची.

आठवड्याभराने ती माझ्या दुकानात आली. हातात काम काही नव्हतं. मशीनजवळच्या स्टुलावर बसली आणि रडायला लागली. मी घाबरले.

"काय झालं? आबा बरे आहेत ना?"

"बरा आहे." तिने बाहीने डोळे पुसले. "सकाळी मले म्हणला, 'दुखते' कसं म्हणतेत इथले लोक? मी सांगतलं. मंग म्हणला, 'नको' कसं म्हणतेत? तेही सांगतलं. आता बसून घोकून राह्यला."

"मंग चांगलंच झालं की वो. तुले तं खुशी व्हाले पाह्यजे."

तिने पुन्हा बाहीने डोळे पुसले. मग म्हणाली, "ताई, साठ वर्षं नाई शिकला थो. आता शिकून राह्यला. म्हंजे त्याले समजलं, का आपून वापस जात नाई."

मी चहा सांगितला. समोर ताडपत्रीखाली म्हातारा बसला होता आणि त्याचे ओठ हलत होते. जप करत होता की ते दोन शब्द, इतक्या लांबून कळत नव्हतं.

त्यानंतर ते आणखी दोन हिवाळे आले. चहावाला दुसरा कप पुढे करायचा तेव्हा ते 'नको' म्हणायचे, अगदी ठसक्यात. तिसऱ्या हिवाळ्यात आचा एकटीच आली. चेन बदलायला आणलेलं जाकीट टेबलावर ठेवता ठेवता म्हणाली, "पावसाळ्यात गेला." मग कोणत्या रंगाची चेन लावायची ते सांगितलं.

तिचा मुलगा बेल्जियममध्ये एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. तो दर वर्षी बोलवायचा, ती टाळायची. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात तिचे कागद झाले. ती शेवटचा माल विकायला आली होती. निघायच्या आदल्या दुपारी ती माझ्याकडे येऊन बसली. म्हणाली, "ताई, एक गोष्ट सांग. तिकडची भाषा शिकू का नको?"

मी हसले. "तू मले इचारतं? तू?"

"पोरगा म्हणते कायले शिकतं, घरीच तं राहाचं आहे. मी आहो ना बोलाले."

"आन् तुले काय वाटते?"

ती माझ्या टेबलावरचे दोऱ्यांचे रीळ रंगांप्रमाणे लावत बसली. "इथली शिकली, कारण का दर साली मी वापस घरी जात होती," ती म्हणाली. "कानडी शिकली तवा लहान होती, समजत नव्हतं. आता समजते. आता गेली तं गेली. माह्या बापाले काय वाटत असन, थे मले आता समजून राह्यलं."

एरवी मी तिला चार गोष्टी सुनावल्या असत्या. दवाखान्यातल्या त्या दिवसाची आठवण करून दिली असती. माणूस जिथे राहतो तिथली भाषा त्याला आली पाहिजे, हे माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे. पण त्या दुपारी तिला ते सांगायला माझी जीभ रेटली नाही. मी एवढंच म्हटलं, "आधी जाय. जिवाले वाटलं तं शिक. कोण मांगं लागलं आहे?"

ती गेली. पहिले सहा महिने फोनवर तिच्या आवाजातले निरोप यायचे ते थंडीचे, मुलाच्या घराचे, तिथल्या बेचव भाज्यांचे. भाषेबद्दल ती बोलायची नाही आणि मीही विचारायचे नाही. एकदा नुसतं म्हणाली, "दिवसभर खिडकीतून पाह्यतो. लोक बोलून राह्यले दिसतेत." तो निरोप मी पुन्हा ऐकला नाही.

मागच्या हिवाळ्यात बाजार लागला तेव्हा तिच्या जागेवर दिराचा मुलगा बसला. पोरगा चांगला आहे, हिंदीत गोड बोलतो. तांड्यावरची एक म्हातारी आली, दुकानासमोर थोडा वेळ उभी राहिली आणि रस्ता ओलांडून माझ्याकडे आली. "थे बाई कुठी गेली वो?" मी सांगितलं, लांब गेली, पोराकडे. "तिले तिकडे बोलाले कोणी आहे का?" म्हातारीने विचारलं. मला खरं उत्तर माहीत नव्हतं. मी म्हटलं, आहे.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी दुपारी फोनवर एक फोटो आला. वहीचं पान. पानावर तीन उभ्या रांगा आखलेल्या. पहिल्या रांगेत तिकडचे शब्द, मधल्या रांगेत तिची तिबेटी लिपी, आणि तिसऱ्या रांगेत, वळणदार नसलेल्या पण ठाम देवनागरीत, कुठी, कवा, काऊन, मंग, आणि होकाराचं हाव.

फोटोच्या खाली तिचा आवाज होता. मागे भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे स्वयंपाक करता करता बोलत होती. "क्लासले जातो ताई. सगळ्यात बुढी मीच आहो. मास्तरीणबाईनं वही पाह्यली, तिसऱ्या लाइनीवर बोट ठेवलं आन् इचारलं, हे पण तुह्यी भाषा आहे का? मी म्हटलं, आहे."

मी पान मोठं करून पाहिलं. 'काहून' म्हणजे का, त्याचं तिने 'काऊन' केलं होतं. दुरुस्त करून पाठवावं म्हणून मी लिहायला घेतलं. मग लक्षात आलं, ती बोलते ते तसंच. मी लिहिलेलं पुसलं आणि फोन मशीनजवळ ठेवून साडीला फॉल लावायला घेतला.