ओसाकात मारलेली हाक

वसुंधरावहिनींना मी बावीस वर्षं ओळखतो. इथे परदेशात, जॉन्सनव्हिल नावाच्या उपनगरात, आमची घरं एकाच उतारावर आहेत, त्यांचं वर आणि माझं खाली. त्यांच्याबद्दल कुणीतरी लिहायला हवं असं वाटायचं. ते मला नीट जमेल याची खात्री नाही.

वहिनी इथल्या एका वृद्धाश्रमात सोळा वर्षं केअरगिव्हर होत्या. दुसऱ्यांच्या आईबापांना आंघोळ घालायची, घास भरवायचे, मुलगा कधी येणार याचं तेच उत्तर दिवसातून दहा वेळा द्यायचं, हे त्यांचं काम. माणसाचं विसरणं कसं सुरू होतं आणि कुठवर जातं, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. म्हणूनच त्यांचा नवरा हरीश कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गेला आणि दीड तासाने रिकाम्या हाताने परत आला, तेव्हा त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. "ह्यांना हल्ली ऐकू जरा कमी येतं," एवढंच सांगायच्या. फोनवर कुणी हरीशला काही विचारलं तर उत्तर त्याच द्यायच्या. मला शंका आली होती, पण मी विचारलं नाही.

गेल्या एप्रिलमध्ये त्यांच्या मुलाने, सुयशने, हरीशच्या पंचाहत्तरीनिमित्त दोघांना ओसाकाला पाठवलं. सोबतीला मी. तिथे चार दिवस आमच्यासाठी वेगळी गाडी, ड्रायव्हर आणि इंग्रजी बोलणारी गाइड.

"बसने फिरलो असतो की," वहिनी म्हणाल्या. "आपण काय संस्थानिक आहोत?"

"असू दे गं आई. स्वीट ॲज, मस्त होईल," सुयश म्हणाला.

गाइड ओगावाबाई पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या. ड्रायव्हर निशिदा पांढरे हातमोजे घालून काळी व्हॅन चालवायचा. सीटवर पांढऱ्या लेसचे अभ्रे होते. दार आपोआप सरकायचं आणि हरीश प्रत्येक वेळी "आहा!" म्हणायचा. पहिला दिवस छान गेला. फक्त वहिनींची मूठ हरीशच्या बाहीवरून सुटत नव्हती. जेवतानासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही किल्ल्यावर गेलो. तिथे तटाचे दगड हत्तीएवढे आहेत. वहिनींना बाथरूमला जायचं होतं. ओगावाबाई त्यांना वाट दाखवायला निघाल्या.

"भाऊजी, ह्यांच्याकडे बघा हं," वहिनी मला म्हणाल्या आणि त्यांनी बाही सोडली.

मी एका दगडाचा फोटो काढला. मग दुसरा काढला, कारण पहिल्यात माझं बोट आलं होतं. वळून पाहिलं तर हरीश नव्हता.

शाळेच्या सहली, छत्र्या, पिवळ्या टोप्या, सगळीकडे माणसं. समोर पाण्याने भरलेला खंदक. वहिनी परत आल्या आणि माझा चेहरा पाहूनच त्यांना कळलं. त्या मला रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हरीशचा फोन वहिनींच्याच पर्समध्ये होता. ओगावाबाईंनी पोलिसांना फोन लावला. तिकडून प्रश्न येत होते आणि त्या आम्हाला विचारत होत्या. कपडे? निळा स्वेटर. उंची? नाव? वहिनींनी उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, ते मी सांगितलं.

"काही आजार?"

वहिनी खंदकाकडे बघत राहिल्या. मग इंग्रजीत म्हणाल्या, "ते विसरतात. रस्ता विसरतात. दोन वर्षं झाली."

ओगावाबाईंनी मान खाली घातली. "मला माहीत आहे. तुमच्या मुलाने कळवलं होतं. म्हणूनच त्यांनी गाडी आणि मला ठेवलं. मी तुमच्याबरोबर जायला नको होतं. माझी चूक झाली."

"सुयशला माहीत आहे?" वहिनींनी मला मराठीत विचारलं. "आणि तुम्हाला?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग मी लपवत कुणापासून होते?"

आम्ही चालत सुटलो. चाळीस मिनिटं गेली. पोलिसांनी गाड्यांच्या तळावरही बघायला सांगितलं, म्हणून खाली उतरलो. तिथे आमच्या गाडीसारख्याच दहा-बारा काळ्या व्हॅन रांगेत उभ्या होत्या. काचा काळ्या, आतलं काही दिसत नव्हतं. पांढऱ्या हातमोज्यांचे ड्रायव्हर बाहेर उभे.

वहिनी रांगेच्या मधोमध उभ्या राहून ओरडल्या, "अहो! अहो!"

ड्रायव्हर दचकले. ओगावाबाई घाईने कुजबुजल्या, "मॅडम, इथे ओसाकात 'आहो' म्हणजे मूर्ख. त्यांना वाटेल, तुम्ही त्यांना..."

"वाटू दे!" वहिनी म्हणाल्या, आणि आणखी जोरात, "अहो!"

"काय गं?"

आवाज सहाव्या व्हॅनमधून आला. दार सरकलं. हरीश आत आरामात बसला होता. त्या गाडीच्या ड्रायव्हरला तो आपल्याच पाहुण्यांपैकी वाटला होता. पाण्याची बाटलीसुद्धा दिली होती त्याने.

हरीश मात्र चिडला होता. "किती वेळ गं! सुयशची शाळा सुटली असेल. पोर गेटवर उभं असेल एकटं."

अशा वेळी वहिनी काय करतात ते मी दोन वर्षं पाहत होतो. त्या हसून म्हणायच्या, "मस्करी करतात हो हे."

या वेळी त्या हसल्या नाहीत. दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "सुयश त्रेचाळीस वर्षांचा आहे. आपण जपानमध्ये आहोत. तुम्ही विसरायला लागला आहात, आणि मला फार भीती वाटते."

हरीश त्यांच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि त्याजागी जे आलं ते मला पाहवेना. तो पांढऱ्या अभ्र्यावरून हात फिरवू लागला.

"फार विसरतो का?" त्याने हळूच विचारलं.

"हो."

तो आत सरकला. "मग उभी का? बस."

वहिनी त्या परक्या गाडीत चढून त्याच्या शेजारी बसल्या. तो ड्रायव्हर टोपी काढून बाजूला उभा राहिला. कुणीही त्यांना उतरा म्हणालं नाही.