क्योटोत बूट कोण सांभाळणार?

ट्रिप एकदाच होते, किस्से मात्र दर शनिवारी वाढत जातात! इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सच्या आमच्या मराठी ग्रुपने माझे क्योटोचे किस्से इतक्यांदा ऐकलेत की कुठे हसायचं ते सगळ्यांना पाठ झालंय. पूर्वी मी सुरुवात केली की आमचे हे मध्येच म्हणायचे, "चूक! ते मंगळवारी झालं." मला भयंकर राग यायचा. हे जाऊन दोन वर्षं झाली. आता मी कुठलाही वार सांगते, कुणी चूक काढत नाही.

*

पहिल्या वेळी आम्ही तिघं होतो. हे, मी आणि आमची लेक सई. क्योटोच्या बसमध्ये कुणी बोलत नाही. हे पुढे, आम्ही मागे. स्टॉप आला तसे हे ओरडले, "सई! आईला उठव, उतरायचंय!"

अख्खी बस वळून बघायला लागली. एक जपानी आजोबा तर दचकून उठले आणि यांच्या मागोमाग उतरलेसुद्धा!

*

यंदा एकटीच निघाले. मैत्रीण मंदा म्हणाली, "अगं, सईला तरी घेऊन जा." सईला सुट्टी नव्हती. "आई, नेक्स्ट इयर डेफिनेटली जाऊ!" नेक्स्ट इयरवर माझा आता विश्वास नाही.

पहिला अख्खा दिवस कुणाशी बोलले नाही. संध्याकाळी हॉटेलच्या लिफ्टमध्ये रेकॉर्ड केलेली बाई जपानीत काहीतरी म्हणाली. मी तिला चक्क म्हटलं, "हो गं, दमले आज!"

*

चहाच्या दुकानातल्या मुलीने, किती जण, अशी खूण केली. सवयीने माझी तीन बोटं वर गेली. तीन वाट्या हिरवा चहा आला. परत कसा पाठवायचा? तिन्ही प्यायले! मग झोप कसली येतेय!

*

आता देवळाचा किस्सा. पहिल्या ट्रिपला तिथे बूट काढून फळीवर ठेवायचे होते. यांचे बूट नवे. पुण्यात देवळाबाहेरून एकदा चपला गेल्या, तेव्हापासून यांचा नियम होता, एकाने बाहेर थांबायचं.

"बाबा, धिस इज क्योटो! कोण चोरेल तुझे बूट?" सई म्हणाली.

"तुम्ही दोघी जाऊन या. मग माझा नंबर."

आतली बाग इतकी सुंदर होती की आम्ही बसूनच राहिलो. बाहेर आलो तेव्हा देऊळ बंद होत होतं. मला फार वाईट वाटलं. हे बूट घालत म्हणाले, "असू दे गं. पुढच्या वेळी तू सांभाळ, मी जाईन."

यंदा त्याच दारात गेले. दारातल्या बाईंनी हसून मला आत यायची खूण केली. मी मान हलवली. बूट काढलेच नाहीत. फळीशेजारी जाऊन उभी राहिले.

"या जाऊन," मी म्हटलं. "सावकाश बघा. मी आहे इथे."