भाकरीचा तुकडा

तव्यावर ज्वारीची भाकरी करपली, की मला धारूरचा आमचा उंबरा आठवतो.

पाठीवर सॅक टाकून मी कितीतरी महिने परदेशात एकटीच भटकले होते. वडिलांनी, आमच्या दादांनीच, हौसेनं पाठवलेलं. शेवटी शेवटी फोन केला की "दादा रानात गेलेत" एवढंच ऐकायला मिळायचं.

परतले तेव्हा बुटांना परक्या डोंगरांची माती होती. लांबून आलेल्या माणसावरून आमच्याकडं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात, मगच आत घेतात. ते काम कायम आईचं. त्या दिवशी तुकडा घेऊन काकू पुढं आली. आई दाराआड उभी.

"आई, तू कावून न्हाई येत? रुसलीस का?" मी हसत विचारलं.

तिनं हात पदराखाली घेतले. मनगटं मोकळी होती.

"दादा गेले, बाई. परमुलखात एकटी रडत बसशील म्हणून कळवलं न्हाई," म्हणत काकूनं माझ्या पायांवर पाणी ओतलं.

आता काकूही नाही. मी धारूरला गेले की आई दार उघडते आणि बाजूला सरकते. "तूच ओवाळ की," मी चिडून म्हणते.

"माज्या हातानं नगं," ती म्हणते, आणि त्याच हातांनी माझ्यासाठी भाकरी थापायला बसते.