इंजिनाचं लाकूड, चुलीचं लाकूड

वरकुट्याच्या सारजाबाईंनी निम्मं आयुष्य वेडी बाभूळ तोडण्यात घालवलं. पणदऱ्याहून लग्न होऊन आल्या आणि ओढ्याकाठच्या त्या काटेरी रानात त्यांचा कोयता सुरू झाला. नवरा गंगाराम दुसऱ्यांच्या उसाला पाणी देई. सरपणाची मोळी सारजाबाईंच्या डोक्यावर.

नव्वद सालानंतर बारामतीच्या एका संस्थेनं गावविहिरीजवळ पत्र्याची शेड उभारली. आत पुरुषभर उंचीची लोखंडी भट्टी. तिच्यात लाकडाच्या ढलप्या कोंडून कमी हवेवर जाळायच्या आणि निघालेला गॅस गाळून, थंड करून इंजिनाला द्यायचा. थोडं डिझेल लागायचंच, पण इंजिन पळायचं ते लाकडावर. त्यातून वीज होई, आळीतल्या बुद्धविहारासमोरच्या नळाला पाणी येई, पिठाची गिरणी चाले. पाणी शेंदणं सुटलं म्हणून सारजाबाई खूश होत्या.

पण बघता बघता ओढ्याचा काठ उघडा पडला. इंजिनासाठी ट्रॅक्टर भरभरून बाभूळ येत होती. बायकांना सरपणाला पार पलीकडच्या शिवारात जावं लागे. तिथल्या मालकानं एके दिवशी फुलाबाई म्हातारीची मोळी काढून घेतली. त्या दिवशी तिच्या घरी चूल पेटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सारजाबाई शेडच्या दारात जाऊन बसल्या. त्यांच्यामागं आळीतल्या बायका आल्या. इंजिन चालवणारा झुंबर गडबडला.

"काकू, उठा की. पाणी सोडायचंय."

"आज न्हाय सोडायचं. तुज्या म्याडमला बोलीव."

दुपारी संस्थेच्या इंजिनिअर मालतीबाई आल्या. जीपमधून उतरून त्या थेट बायकांत मांडी घालून बसल्या.

"काय झालं, सारजाबाई?"

"तुमचं इंजिन आमच्या चुलीतलं खातंय, बाई."

"मग बंद करू या?"

सारजाबाईंना हे अपेक्षित नव्हतं. भांडायचं म्हणून त्या आल्या होत्या, पण नळ गेला तर पुन्हा विहीर आणि दोर.

"बंद नगं," शेवटी म्हणाल्या. "पर आमची चूल बी पेटली पायजे."

मग निवांत बोलणं झालं. मनगटाएवढं जाड लाकूड इंजिनाचं, बारीक फांद्या बायकांच्या. गायरानात सुबाभूळ लावायची आणि ती वाढेस्तोवर इंजिन फक्त सकाळी चालवायचं.

"रोपं कोण जगवणार?" मालतीबाईंनी विचारलं.

"आमी जगवू की!" सारजाबाई बोलून गेल्या आणि अडकल्या.

पहिल्याच उन्हाळ्यात शेळ्यांनी बरीच रोपं फस्त केली. त्यात सारजाबाईंची स्वतःचीही शेळी होती. ती त्यांनी मुकाट्यानं माहेरी नेऊन बांधली, गायरानाला काट्यांचं कुंपण घातलं आणि पुन्हा रोपं लावली. तोवर मालतीबाईंनी इंजिनातून निघणारं गरम पाणी नळीनं शेजारच्या दूध डेअरीत नेलं होतं. कॅन धुवायला तिथं पेटणारी भली मोठी चूल विझली, तिचं लाकूडही वाचलं.

सुबाभूळ दोन पुरुष उंच झाली तेव्हा तोडीचा दिवस आला. सारजाबाईंचा हात काही उचलेना.

"तूच घाल कुऱ्हाड," त्या झुंबरला म्हणाल्या आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

नंतर मात्र त्या रोज गायरानात चक्कर मारू लागल्या. एका सकाळी तोडलेल्या बुंध्यांना हिरवे कोंब फुटलेले दिसले. तशाच माघारी आल्या आणि चहा पीत बसलेल्या गंगारामला हाताला धरून उठवलं.

"चला, दावते तुमास्नी," म्हणाल्या. चहा तिथंच राहिला.