सोनपापडीच्या डब्यातल्या गोळ्या

दवाखान्यात न्यायच्या सामानाची यादी माझ्याकडे कायम तयार असते. आधार कार्ड, जुने रिपोर्ट, चादर, चार्जर, स्टीलचा पेला. बाबांना आणायला नालवाडीहून पुलगावला निघाले तेव्हा पिशवी भरायला वेळ लागला नाही. पण वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "ताई, याआधी कोणत्या गोळ्या घेतल्या त्यांनी?" आणि मला एकही नाव सांगता आलं नाही.

बाबांचं पुलगावात किराणा दुकान. गल्ल्याशेजारी सोनपापडीचा रिकामा डबा असे. ज्याच्या घरचं दुखणं उतरलं तो उरलेल्या गोळ्या त्यात आणून टाकी. ज्याला गरज पडे तो घेऊन जाई. त्यात बऱ्याच अँटिबायोटिकच्या, कारण पूर्ण कोर्स आमच्या गल्लीत कोणी करतच नसे. ताप गेला की गोळी बंद. पट्ट्या कापून कापून नावं गेलेली. बाबा रंगावरून ओळखत. "लाल-पिवळी खोकल्याची, पांढरी लंबी लघवीच्या जळजळीची." साखर, तेल, बिस्किटं सुटी विकण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला त्यात वावगं वाटत नव्हतं. मी ओरडले की म्हणत, "तू राह्य तुया याद्या करत. लोकायचं काम भागून राह्यलं ना?"

जळजळ त्यांना स्वतःला सुरू झाली तेव्हा त्यांनी पांढरी लंबीच घेतली. ती संपल्यावर दुसऱ्या रंगाची. फोनवर मला एकच उत्तर, "मले काई नाई झालं." शेवटी शेजारच्या काकूंनी कळवलं. मी पोचले तेव्हा ते थंडीने कुडकुडत होते आणि मला ओळखत नव्हते.

जंतू रक्तात उतरले होते. डॉक्टरांनी मेरोपेनेम सुरू केलं. अनेक जातींच्या जंतूंवर ते चालतं, म्हणून एरवी हात लावत नाही, गंभीर रुग्णासाठी राखून ठेवतो, असं ते म्हणाले. कोणत्या जंतूवर कोणतं औषध चालेल ते सांगणाऱ्या कल्चरच्या रिपोर्टची वाट बघायला सवड नव्हती. मूत्रपिंडं थकलेली, त्यामुळे मात्राही बेतून. सिस्टर ठरल्या वेळी येऊन शिरेतून औषध सोडत.

रिपोर्ट आला. औषधांची लांबलचक यादी, बहुतेकांपुढे 'आर'. म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाहीत. मेरोपेनेमपुढे 'एस' होता.

"हे लागू पडेल," डॉक्टर म्हणाले.

"त्या डब्यामुळे झालं का हे?"

"तसं छातीठोक सांगता येत नाही, ताई. असे जंतू कुठूनही येतात. पण उशीर झाला, एवढं खरं."

ताप उतरला. बाबांनी डोळे उघडले, चहा मागितला आणि वरच्या बाटलीकडे बोट केलं. "ताप गेला ना? मंग आता काऊन चढवून राह्यले? उरलेली बाटली डब्यात टाकजो." सिस्टर हसल्या. मीही हसले. बाबा परत आले असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी लघवी होईनाशी झाली. डायलिसिस लावलं, ते हृदयाला पेललं नाही. औषधाने आपलं काम केलं होतं. जंतूंनी आधीच जे मोडून ठेवलं होतं, ते सांधणं त्याच्या हातात नव्हतं.

तेरवी झाल्यावर मी दुकान आवरायला घेतलं. डबा सगळ्यात आधी. गोळ्या दवाखान्याच्या फार्मसीत नेऊन दिल्या, डबा घासून पालथा घातला. त्याच दुपारी काकू आल्या. बाबांच्या रिकाम्या खुर्चीला हात लावून थोडा वेळ रडल्या. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "पोरी, सुनेले लघवीची जळजळ होऊन राह्यली. भाऊच्या डब्यातली पांढरी लंबी दे ना एखादी."

"डबा बंद केला, काकू. चला, तिला डॉक्टरकडे नेऊ."

काकूंचा चेहरा पडला. "तुया बाप असता तं नाई नसता म्हणाला."

"नसते म्हणाले," मी म्हटलं, आणि शटर ओढून स्कूटरची किल्ली काढली.