सूर्याचा पाणाड्या

महाराष्ट्र होऊन दोनतीन वर्षं झाली असतील. मोताळ्याच्या एसटी स्टँडवर माझ्या शेजारी एक पाणाड्या बसला होता. तळहातावर आडवा नारळ घेऊन तो शेतातून फिरे. नारळ उभा राहील तिथं विहीर खोदायची. मांडीवरच्या नारळाला तो लेकरासारखा थोपटत होता.

“आन् तुमी काय करता?”

मी पिशवीतली ध्रुवक नावाची काच काढली. सूर्यावरच्या चुंबकत्वामुळे तिथल्या उजेडाच्या लहरींना ठरावीक दिशा मिळते. दुर्बिणीला लावून ही काच फिरवली की उजेड कमीजास्त होतो आणि त्यावरून चुंबकाचा जोर कळतो, असं मी ऐटीत सांगितलं.

त्यानं नारळ तळहातावर घेतला, हात सूर्याकडे केला आणि डोळे मिटले. नारळ हळूच उभा राहिला.

“हाये,” तो म्हणाला. “चुंबक हाये.”

माझं दोन वर्षांचं काम त्यानं मिनिटात उरकलं होतं. “याला काय पुरावा?” मी चिडून विचारलं.

“काऊन रागावता? आपला धंदा एकच. पन तुमचं बरं हाये, मास्तर. तुमाले तिथं कोनी खोदून दाखवा म्हनत नाही.”

अजूनही निष्कर्ष लिहायला बसलो की माझा डावा तळहात आपोआप उताणा होतो.