पंप खोलू नकोस

देवावर माझा विश्वास होता, पण स्वतःच्या हातांवर जरा जास्तच होता. आज हे कबूल करताना संकोच वाटतो. बहारीनमध्ये मआमीर या कारखान्यांच्या भागात मी जनरेटर दुरुस्तीचं काम करतो. धाकटा भाऊ सुधीर माझ्याच हाताखाली तयार झाला आणि पुढे अंटार्क्टिकावरच्या एका संशोधन केंद्रावर मेकॅनिक म्हणून गेला.

जूनमधल्या एका दुपारी, तिकडे ऐन हिवाळा असताना, वर्कशॉपमध्ये त्याचा फोन आला. "दादा, एक जनरेटर कालच बंद पडला. आता दुसराही धापा टाकतोय, डिझेल ओढत नाही. बाहेर उणे चाळीस आहे. हा गेला तर हीटर गेले, आणि आत आम्ही वीसजण आहोत." मी क्षणभरही न थांबता म्हणालो, "पंप गेलाय. खोल तो." तेवढ्यात लाइन तुटली.

काउंटरपाशी एक वयस्क गृहस्थ फिल्टर घ्यायला उभे होते. मी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं. ते हळूच म्हणाले, "भाई, पंप मत खुलवाओ. मैं बर्फवाले समंदर में जहाज पर था. डीजल में पानी रहता है, वो बाहर पाइप के मोड पे जमता है. पाइप गरम करो, बस." पंप उघडला तर त्या थंडीत तो परत बसणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. इथल्या उन्हात वीस वर्षं काढलेल्या मला हे सुचलंच नसतं, आणि माझा शब्द सुधीर कधी मोडत नाही.

मी फोन लावत राहिलो. लागेना. शेवटी हातातला पाना खाली ठेवला आणि डोळे मिटले. "रवळनाथा, माझी अक्कल संपली. आता तूच त्याचा हात धर." नवस बोलायचंही भान नव्हतं.

पुन्हा लावला, आणि रिंग गेली.

"सुधीर, पंप खोललास?"

"नाही रे दादा. पहिलाच बोल्ट हलत नाहीये. मघापासून झगडतोय."

"सोड तो! बाहेरचा पाइप वळणावर गरम कर."

"बरं," एवढंच ऐकू आलं आणि लाइन गेली. ते गृहस्थ केव्हा निघून गेले, कळलंही नाही. पुढचे दोन तास मी नुसता बसून होतो. मग मेसेज आला, 'दादा, चालला. पाइपमध्ये बर्फच होता. सगळे ठीक आहोत.' मी तिथेच जमिनीला डोकं टेकवलं.

बोल्ट थंडीनं आवळला होता, हे मेकॅनिक म्हणून मला समजतं. तरीही माझी चूक त्याच्या हातून घडू दिली नाही, म्हणून मी देवाचे उपकार मानतो. आता कुणी सल्ला विचारला की आधी गप्प बसतो, आणि आपल्याला ठाऊक नसलेलं पुष्कळ आहे, हे मनाशी मान्य करून मगच बोलतो.